प्रॉम्प्टर मामांवर माहितीपट करायचाय, पण अडकलोय

विंगेतला_भाचा:
आमच्या गावात (फोंड्याजवळ) जत्रेच्या नाटकाला माझे मामा 38 वर्षं प्रॉम्प्टिंग करतायत. तोंडाला रंग एकदाही लावला नाही. यंदा काल्याच्या रात्री मी मोबाईल घेऊन विंगेत बसलो. तिसऱ्या अंकात नायकाने दोन पानं गाळली. मामांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली, हळूच एक वाक्य सोडलं आणि गाडी रुळावर. समोर मांडवात कुणाला पत्ता नाही.
आता 14 तासांचं शूटिंग जमलंय. सगळे म्हणतात “मस्त विषय”, पण फिल्म काही होत नाही. एक मित्र म्हणतो गोव्याच्या मराठी रंगभूमीचा इतिहास घाल, वर निवेदन दे. आणि पैसे कुठून आणायचे?

कात्री_आणि_चहा:
इतिहास नको. तो सुरू झाला की मामा गेलेच कोपऱ्यात. तुमच्याकडे विषय आहे, गोष्ट नाही. पुढच्या जत्रेपर्यंत मामांचं काय व्हायचंय? त्यांना स्वतःला काय हवंय?
आणि कॉलर माईक नटांना नाही, मामांच्या सदऱ्याला लावा. त्यांच्या कुजबुजीतलं नाटक वेगळंच ऐकू येईल. जनरेटर कुठे ठेवणार तेही कमिटीला आधी विचारा. मी एक फिल्म एडिट केली होती, चित्र अप्रतिम आणि आवाज नुसता घरघर!
पैशांआधी पाच मिनिटं कापून बघा. नोव्हेंबरात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) वेळी पणजीत फिल्म बाजार भरतो, तिथे फिल्म करणारे आणि पैसे लावणारे भेटतात; तो तुम्हाला बसच्या तिकिटात पडतो. जाऊन या.

पेडण्याची_माई:
नाटकातल्या पदांचं बघून घ्या हां. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो. नाटककार खाडिलकर 1948 साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द मोकळे. विद्याधर गोखले 1996 साली गेले, तिथे परवानगी लागणार. चाल नवीन असेल किंवा कॅसेट वाजवली असेल, तर तो हक्क आणखी वेगळा. नटांच्या सह्या आत्ताच घ्या, मागाहून रुसवे निघतात.

विंगेतला_भाचा:
काल मामांना विचारलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणे, कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून पुढच्या वर्षीची अख्खी संहिता मोठ्या अक्षरांत वहीत उतरवतायत, रोज जेवणानंतर. मोठी झेरॉक्स काढून देतो म्हटलं, तर म्हणाले, “लिहिल्याबगर डोक्यात बसत नाही.” दुसऱ्या अंकापर्यंत आलेत. माझ्या 14 तासांत यातलं एक मिनिट नाही.
आज रात्री जातोय. मामी म्हणाली, जेवायलाच ये.