कडव्या वालांना मोड येतात, पण बुळबुळीत होऊन वास मारतात

ठाण्याची_लेक: श्रावण लागलाय, घरात सगळ्यांना बिरडं हवंय. रात्री वाल भिजत घातले, सकाळी उपसून डब्यात झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर दाणे बुळबुळीत, वर आंबूस वास. मटकीला याच डब्यात छान मोड येतात! सोलतानाही डाळिंब्या तुटतात. कुणी नीट सांगाल का?

अलिबागची_काकू: अगं, वाल म्हणजे मटकी नव्हे. दाणा मोठा, पाणी जास्त पितो, त्यामुळे उपसल्यावरही बराच वेळ पाझरत राहतो. ते पाणी डब्याच्या तळाशी साचतं, दाण्यांना हवा मिळत नाही आणि सगळे आंबतात. पावसाळ्यात तर फारच लवकर.

आधी निवडून घे. भिजल्यावरही जो दाणा बारीक, खडखडीत राहतो तो गणंग, त्याला मोड येत नाही, शिजतही नाही. फुटका दाणा तर आधी सडतो आणि शेजारच्यांनाही नासवतो. रात्रभर भिजवून सकाळी दोन-तीन पाण्यांनी धू आणि चाळणीत अर्धा तास निथळू दे. मग सुती फडक्यात सैल बांध, गच्च नको. पुरचुंडी चाळणीतच ठेव, म्हणजे खालून वारा लागेल. संध्याकाळी सोडून वाल एकदा धुवायचे, निथळून परत बांधायचे. या दिवसांत दुसऱ्या सकाळी मोड दिसतात. अर्धा बोट झाले की पुरे, लांब वाढले तर सोलताना तुटतात.

सोलायच्या आधी कोमट पाण्यात घाल. साल सैल झाली की मोडाच्या उलट्या टोकाला दोन बोटांनी हलकेच दाब, डाळिंबी अख्खी सुटून येते. नखाने ओरबाडू नकोस. कंटाळवाणं काम आहे, पण बिरड्याची खरी चव त्यातच आहे.

टोरांटोवासी: आमच्याकडे हिवाळ्यात फडकं नुसतं गारठून बसतं. मी पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये ठेवते, फक्त आतला दिवा लावून. तेवढी ऊब पुरते.

डाएटवाली: मोडाचे वाल कोशिंबिरीत कच्चे चालतील का?

अलिबागची_काकू: मुळीच नाही. सुक्या वालात सायनाइड तयार करणारे घटक असतात, ते चांगले शिजवूनच खायचे.

प्रयोगशाळेतला: इतर मोडांनाही वाफ द्यावी. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, 50हून अधिक माणसं गेली. तपासाचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोचला होता.

ठाण्याची_लेक: काकू, आमसूल कधी घालायचं?

अलिबागची_काकू: डाळिंबी बोटाने दाबली की मऊ लागली पाहिजे, मगच आमसूल. आधी घातलंस तर आंबटाने दाणा शिजता शिजत नाही. त्यानंतर गूळ आणि ओलं खोबरं. डाव फिरवू नकोस, पातेलंच हलव.