ऑस्ट्रेलियातील सार्वमत आणि घसरलेला ‘हो’ : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा
(रविवार, 8 ऑक्टोबर 2023)

आत्या (पुणे) : येत्या शनिवारी, म्हणजे 14 तारखेला, तुमच्याकडे मूळ रहिवाशांना राज्यघटनेत स्थान देण्याविषयी सार्वमत आहे आणि त्यात ‘हो’ची बाजू हरणार असे सर्व जनमत चाचण्या सांगत आहेत, असे आज येथील वर्तमानपत्रात वाचले. गेल्या वर्षी तर त्याला बहुसंख्य लोक अनुकूल असल्याचे छापून येत होते. एका वर्षात लोकांचे मन इतके कसे पालटते, हे मेलबर्नकरांनी सविस्तर सांगावे.

दादा (मेलबर्न) : आत्या, गेल्या वर्षी ‘हो’ साठ टक्क्यांच्या आसपास होता, यंदा जूनच्या सुमारास ‘नाही’ पुढे गेला आणि आता ‘हो’ चाळिशीच्या खाली आहे, हे खरे आहे. परंतु मन पालटले असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी लोकांना विचारलेला प्रश्न साधारणपणे ‘मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेने ऐकावे का?’ असा ऐकू येत होता, आणि त्याला नाही म्हणायला माणसाला संकोच वाटतो. आता मतपत्रिकेवर जो प्रश्न आहे तो राज्यघटनेत नवे कलम घालून ‘व्हॉइस’ नावाची कायमस्वरूपी संस्था स्थापण्याचा आहे, आणि ही संस्था संसदेकडेच नव्हे तर मंत्रिमंडळ व प्रशासनाकडेही आपले म्हणणे मांडू शकेल. तिचे सल्ले बंधनकारक नाहीत, तिची रचना व अधिकार संसदच ठरवणार आहे, हे मसुद्यात स्पष्ट लिहिलेले असूनही सभासद किती, निवडणार कोण, खर्च किती, या प्रश्नांची उत्तरे मतदानानंतरच्या कायद्यावर सोडलेली आहेत. विरोधकांची ‘माहीत नसेल तर नाही म्हणा’ ही घोषणा नेमकी याच रिकाम्या जागेत जाऊन बसली.

वहिनी (मेलबर्न) : मला ती घोषणा आवडत नाही, कारण माहीत नसेल तर माहिती करून घ्यावी असे सांगणे अधिक योग्य ठरले असते. तरीही मी अद्याप ठरवलेले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. निवडणूक आयोगाने घरोघरी पाठवलेली पुस्तिका मी दोन्ही बाजूंनी वाचली. मूळ रहिवासी लोकसंख्येच्या सुमारे 3.8 टक्के आहेत, त्यांचे आयुर्मान व आरोग्य यांची स्थिती इतरांपेक्षा कितीतरी वाईट आहे, आणि 1990 साली स्थापन झालेली त्यांची प्रातिनिधिक संस्था सरकारने 2005 मध्ये कायद्याने मोडीत काढली. म्हणूनच या वेळी घटनेचा आधार मागितला जात आहे, हे मला पटते. परंतु जेसिंटा नम्पिजिन्पा प्राइस यांच्यासारख्या मूळ रहिवासी खासदार ‘यामुळे नागरिकांची विभागणी होईल’ म्हणतात आणि लिडिया थॉर्प दुसऱ्या टोकावरून ‘आधी मूळ रहिवाशांशी करार करा’ म्हणतात, तेव्हा बाहेरून आलेल्या माझ्यासारखीने कोणाचे ऐकावे?

ताई (सिडनी) : मला तर मतच नाही, कारण मी अजून कायमची रहिवासी आहे, नागरिक नाही. परंतु वहिनी, त्या दोघींच्या विरोधाची कारणे परस्परविरुद्ध आहेत आणि चाचणीत मात्र दोन्ही एकाच ‘नाही’च्या खान्यात जातात. त्या आकड्यावरून ‘देश असा विचार करतो’ असे लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते. जाता जाता एक सांगते : कालपासून सर्वत्र फिरत असलेला ‘बरोबरची खूण ‘हो’ म्हणून मोजतात, फुली ‘नाही’ म्हणून मोजत नाहीत, म्हणजे आयोग पक्षपाती आहे’ हा संदेश कृपया कोणी पुढे पाठवू नये. मतपत्रिकेच्या चौकटीत इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ असे लिहावयाचे आहे. फुलीचा अर्थ फॉर्मवर कित्येकदा होकारही असतो, म्हणून ती संदिग्ध धरली जाते. हा संकेत जुना आहे आणि त्याविरुद्धचा अर्ज न्यायालयाने गेल्याच महिन्यात फेटाळला आहे.

आत्या (पुणे) : तुमच्याकडे मतदान सक्तीचे आहे ना? मग न ठरवलेली माणसेही केंद्रावर जाणारच.

दादा (मेलबर्न) : हाच कळीचा मुद्दा आहे. पावणेदोन कोटींहून अधिक मतदारांची नोंदणी झालेली आहे, गैरहजर राहिल्यास 20 डॉलर दंड आहे, त्यामुळे ज्यांना या विषयात रस नाही तेही येतात, आणि रस नसलेला माणूस घटनेत बदल करण्यापेक्षा आहे ते तसेच राहू देणे पसंत करतो. ज्यांचे ठरलेले नाही त्यांना चाचणी घेणाऱ्या काही संस्था वेगळा पर्याय देतात, काही त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’पैकी एक निवडायला लावतात, म्हणून दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच संस्थेचा आकडा महिन्यागणिक कुठे चालला आहे, एवढेच पाहावे. आणि त्या सर्वांची दिशा एकच आहे.

इतिहासही ‘हो’च्या विरुद्ध आहे. आजवर 44 प्रस्ताव जनतेपुढे आले, त्यांतील केवळ 8 संमत झाले, शेवटचे 1977 मध्ये. देशभरात बहुमत हवेच, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही हवे. दोन्ही मोठ्या पक्षांचा (लेबर व लिबरल) पाठिंबा नसताना एकही प्रस्ताव आजवर पार पडलेला नाही. लिबरलचा मित्र असलेल्या नॅशनल पक्षाने गेल्या नोव्हेंबरातच विरोध जाहीर केला आणि एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्या लिबरल पक्षानेही केला. माझ्या मते निकाल त्याच दिवशी बराचसा ठरला. पुष्कळांना 1967 चे सार्वमत आठवते, त्यात मूळ रहिवाशांसंबंधीच्या बदलाला 90.77 टक्के मते मिळाली होती. परंतु तेव्हा संसदेत एकही विरोधक नसल्यामुळे ‘नाही’ची अधिकृत बाजू लिहिलीच गेली नव्हती, हे कोणी सांगत नाही.

काका (मडगाव) : पक्षांविषयी मी थोडा वेगळा विचार मांडतो. त्याच 1967 साली, 16 जानेवारीला, आमच्या गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर होता, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांची लोकप्रियता वादातीत होती, आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांनी आधी राजीनामाही दिलेला होता. पक्षाची मते मोजणाऱ्याने फूलच जिंकणार असे सांगितले असते. प्रत्यक्षात दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. याचा अर्थ भाऊंना मानणाऱ्या बऱ्याच घरांनी या एका प्रश्नावर त्यांच्याविरुद्ध मत दिले. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा भाऊंनाच निवडून दिले. महाराष्ट्रातील दारूबंदी येथे आली तर रेंदेरांनी (माडी काढणाऱ्यांनी) पोट कसे भरायचे, सरकारी नोकऱ्या कोणाला मिळणार, निर्णय पणजीत होणार की मुंबईत, हे प्रश्न पक्षाच्या झेंड्याखाली मावणारे नव्हते. विलीनीकरणाविरुद्धचा प्रचार ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने तर मराठीतूनच केला. म्हणून दादा, डटन यांनी नाही म्हटले म्हणून मतदार नाही म्हणत आहेत, हे मला अर्धेच पटते. सत्ताधारी लेबर पक्षाला मत देणारेही मोठ्या संख्येने ‘नाही’ म्हणत असतील, तर त्याचे कारण तुमच्याच चाचण्यांत शोधायला हवे.

दादा (मेलबर्न) : काका, तुमचे म्हणणे मान्य आहे. लेबरच्या मतदारांत ‘हो’ अजून पुढे आहे, पण सत्ताधारी पक्षाला हवा तेवढा नाही. घरकर्जाचे हप्ते व किराणा यांनी लोक त्रस्त असताना पंतप्रधान वर्षभर याच विषयावर बोलत आहेत, ही तक्रार मला लेबरच्याच जुन्या मतदारांकडून ऐकायला मिळते. 1999 च्या प्रजासत्ताकाविषयीच्या सार्वमतातही असेच घडले होते. प्रजासत्ताक हवे असे म्हणणारे चाचण्यांत पुढे होते, परंतु राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडावा की संसदेने, यावर त्यांच्यातच फूट पडली आणि 54.87 टक्के ‘नाही’ आले. कल्पनेला होकार देणे आणि तिच्या विशिष्ट मसुद्याला होकार देणे, या दोन्हींत फार अंतर असते. मी ‘हो’ लिहिणार आहे, कारण मसुदा अपुरा वाटला तरी संसद तो पुढे सुधारू शकते. नकारानंतर मात्र हा विषय एक पिढी तरी कोणी हाती घेणार नाही.

वहिनी (मेलबर्न) : या शेवटच्या कारणामुळेच मी ‘हो’कडे थोडी झुकते आहे. मात्र ‘नाही’ म्हणणारा प्रत्येक शेजारी वंशद्वेष्टा आहे असे ‘हो’चे काही समर्थक बोलतात, तेव्हा मला पुन्हा मागे सरकावेसे वाटते. मंगळवारी लवकर मतदान करण्याचा बेत होता, तो मी शनिवारपर्यंत पुढे ढकलला आहे.

काका (मडगाव) : निकाल लागला की केवळ देशाची टक्केवारी येथे टाकू नका. ज्या दूरच्या वस्त्यांत मूळ रहिवाशांचीच बहुसंख्या आहे, तेथील केंद्रांचे आकडे मला हवे आहेत.

ताई (सिडनी) : आयोग केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध करतो, मी ते पाठवीन. त्यांतील पुष्कळ वस्त्या नॉर्दर्न टेरिटरीत आहेत, आणि तो प्रदेश राज्य नसल्यामुळे तेथील मते देशाच्या बेरजेत धरली जातात, पण चार राज्यांच्या अटीत त्यांना स्थान नाही.