शाळा म्हणते मराठी कमी करा, सासूबाई म्हणतात मस्तीखोर आहे. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा त्रास) असेल तर पुढे काय?

जर्सीकर_आई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आलीच. आम्ही सेंट्रल जर्सीत, मुलगा तिसरीत. बोलायला चुरुचुरु, आजीकडून व्हिडिओ कॉलवर ऐकून ऐकून अख्खं मारुतीस्तोत्र पाठ, पण इंग्लिशचं एक पान वाचायचं म्हणजे पाऊण तास आणि शेवटी दोघांचं रडणं. 'वॉज'चं 'सॉ' होतं, पहिल्या ओळीवरून थेट चौथीवर जातो, दप्तरात शुक्रवारचा डबा मंगळवारी सापडतो.

कॉन्फरन्समध्ये टीचर म्हणाली, काही त्रास नाही हो त्याचा, स्वीट बॉय आहे, खिडकीबाहेर बघत बसतो एवढंच, घरी दोन भाषांमुळे गोंधळत असेल तर मराठी जरा कमी करा. आणि मॅथ छान आहे म्हणजे मनावर घेतलं तर करेल! (मॅथ तोंडी छान आहे. शब्दांतलं उदाहरण आलं की पेन्सिल खाली.)

पेडियाट्रिशियनने एडीएचडीच्या लक्षणांचा एक फॉर्म टीचरला, एक आम्हाला दिला. आमचा नवऱ्याने भरला, सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण. मी म्हटलं अरे हे काय, तर म्हणे मी पण असाच होतो, झालं ना माझं नीट, आणि उद्या हे रेकॉर्डवर राहिलं तर? सासूबाईंचं वेगळंच, मुलगे मस्तीखोरच असतात. शाळेत टेस्टिंग मागू का? कसं मागतात? आणि मराठी खरंच बंद करायचं का, सगळ्यात जास्त ते लागलंय मनाला.

दोन_मुलांची_आई
मराठी अजिबात बंद करू नका!! दोन भाषांमुळे ना एडीएचडी होतो ना डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण). आम्ही पण जर्सीतच, यातून गेलोय, थोरल्याला दोन्ही आहे.

टेस्टिंग तोंडी मागू नका, तोंडी मागितलेलं हवेत जातं. तारीख घालून लिहा की मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन हवंय, आणि काय दिसतंय ते थोडक्यात, आत्ता इथे लिहिलंय तसंच. प्रिन्सिपल आणि चाइल्ड स्टडी टीम (हे टेस्टिंग करणारी शाळेची टीम) दोघांना पाठवा. आपल्या राज्यात पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत त्यांना मीटिंग घ्यावी लागते, आणि तुम्ही टेस्टिंगला सही दिलीत की ९० दिवसांत टेस्टिंग, निर्णय आणि पात्र ठरला तर आयईपी (त्याच्यासाठी बनवलेला शिकवण्याचा लेखी आराखडा) सुरू. "आधी आठ आठवडे इंटरव्हेन्शन (वर्गातच जादा मदत) देऊन बघू" म्हणतील, आम्हाला म्हणाले होते, आम्ही मान हलवत बसलो आणि वर्ष गेलं. इंटरव्हेन्शन खुशाल द्या म्हणावं, पण त्यासाठी टेस्टिंग अडवता येत नाही. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. पास होतोय, मार्क बरे आहेत, एवढ्यावरून पण अपात्र ठरवता येत नाही.

५०४ आणि आयईपीत गल्लत करू नका. ५०४ प्लॅन हा १९७३ च्या अपंगत्वाविषयीच्या कायद्यातला, त्यात जास्त वेळ, पुढची जागा, सूचना लिहून देणं असल्या सवलती. आयईपीत वेगळ्या पद्धतीने शिकवणं येतं आणि तुमच्या लेकाला वाचन शिकवायला हवंय, नुसता वेळ देऊन काय होणार, पाऊण तासाचा दीड तास होईल. एडीएचडीच्या गोळीचं पण तेच. आम्ही देतो, लक्ष लागतं, पण गोळीने वाचता येत नाही, त्याला अक्षर-आवाज जोडत रोज शिकवावंच लागतं.

नवऱ्यांना सांगा शाळेचं रेकॉर्ड गोपनीय असतं, कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर आयईपी येत नाही. आणि तो फॉर्म परत भरा! एडीएचडी म्हणायला लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, घरच्या फॉर्मवर सगळीकडे 'कधीच नाही' गेलं की डॉक्टर तरी काय करणार.

(आमच्याकडे वाचन कुकरवर चालतं. तीन शिट्ट्या होईपर्यंत वाचायचं, मग उठून दोन उड्या. डाळ पण होते.)

पुणेकर_७२
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन धपाटे दिले की लक्ष लागायचं. अमेरिकेत प्रत्येक गोष्टीला एक नाव आणि एक गोळी.

दोन_मुलांची_आई
काका, होतं की, तेव्हा त्याला 'ढ' म्हणायचे आणि तो मुलगा नववीत शाळा सोडायचा. आणि अमेरिकेचं कशाला, महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये याचं क्लिनिक आहे, माझ्या भाच्याचं सर्टिफिकेट तिथलंच.

जॉर्जियातली_मावशी
उशिरा लिहितेय. मी इथे एलिमेंटरी शाळेत पॅरा म्हणून काम करते, म्हणजे वर्गात टीचरच्या हाताखाली. ते 'स्वीट बॉय' वाचून राहवलं नाही.

मागच्या वर्षी एकाच वर्गात, एकाच दुपारी बघितलेलं सांगते. गोरा मुलगा तीनदा खुर्चीवरून उठला, टीचर म्हणाली त्याला मूव्हमेंट ब्रेक हवाय, जरा पाणी पिऊन ये राजा. पाच मिनिटांनी काळा मुलगा उठला, दुसऱ्यांदाच, तर 'डिफायंट', म्हणजे उद्धट, आणि ऑफिसची चिठ्ठी. आणि मागच्या रांगेत आपली एक तेलुगू मुलगी वीस मिनिटं एकाच ओळीवर बोट ठेवून बसलेली, तिच्याकडे कोणी बघितलंच नाही, इंडियन मुलं हुशारच असतात ना! टीचर वाईट नाही हो, मुलांवर जीव आहे तिचा, म्हणून तर जास्त खुपतं.

२०१३ मध्ये एक मोठा अभ्यास आलेला, बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या मुलांचा. बाकीचे फरक हिशोबात धरूनही काळ्या मुलांना एडीएचडीचं निदान मिळायची शक्यता गोऱ्यांपेक्षा ६९ टक्के कमी, हिस्पॅनिक मुलांना ५० टक्के कमी. मग त्या मुलांच्या वागण्याचं होतं काय? २०१७-१८ च्या सरकारी आकड्यांत पब्लिक शाळांत काळी मुलं १५ टक्के आणि सस्पेंड होऊन घरी बसलेल्यांत ३८ टक्के. त्यांची चूक दिसते, आपल्यांची अडचण दिसत नाही, मदत दोघांनाही नाही.

आता जरा बोचेल. आपणच पॉटलकला घर घेण्यावरून बोलताना "तिथे ती मुलं फार आहेत" म्हणतो, मी पण म्हटलेलं आहे. पण माझ्या मुलीच्या वेळी मला शहाणं केलं ते एका काळ्या आजीने, नातवासाठी शाळेशी चार वर्षं भांडलेली बाई. म्हणाली, मीटिंग झाली की त्याच रात्री ईमेल टाकायचा, "आज आपलं असं असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा." कोणी काही कळवत नाही, आणि मग तेच रेकॉर्ड. दुसरं तिने सांगितलं, मीटिंगला एकटं जायचं नाही, कोणीतरी सोबत न्यायचं, ते नुसतं लिहून घेत बसलं तरी समोरचे नीट बोलतात. तिच्या नातवाचे सस्पेन्शनचे दिवस दहाच्या वर जाणार होते तेव्हा तिनेच शाळेला आठवण करून दिली की हे वागणं त्याच्या डिसॅबिलिटीमुळे आहे का ते ठरवायची मीटिंग आता घ्यावी लागेल. कायद्यात आहे ते, पण शाळेने होऊन सांगितलं नव्हतं.

जर्सीत स्पॅन म्हणून पालकांसाठी संस्था आहे, फुकट मदत करतात, त्यांना फोन करा. आणि शाळेच्या टेस्टिंगचा निकाल पटला नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरचं इव्हॅल्युएशन मागता येतं, हे लक्षात ठेवा.

जर्सीकर_आई
सगळ्यांचे खूप आभार, मावशी तुमचं दोनदा वाचलं. पत्र काल रात्री पाठवलं, आज पोच आली, २० दिवस फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मोजून ठेवलेत.

फॉर्मचं सांगते. नवऱ्याला काहीच बोलले नाही, फक्त शनिवारी वाचनाला त्याला बसवलं आणि मी भाजीला गेले. आले तर पुस्तक पालथं, लेक सोफ्याखाली, आणि हा टेबलावर कोरा फॉर्म घेऊन बसलेला. म्हणाला, "मला पण अशीच चौथी ओळ दिसायची." निम्म्या खुणा 'खूपदा' वर आहेत आता. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या मेमध्ये येतायत, तेव्हा बघू.

कुकरची आयडिया आज करून बघितली, दुसऱ्या शिट्टीलाच उठला, पण पान अर्धं झालं होतं.