गुणगुणता येत नाही तो सोलो कसला?

लेसपॉल लेले

रॉकमधल्या सर्वोत्तम गिटार सोलोंच्या (गायक गप्प, गिटार पुढे, असा गाण्यातला भाग) याद्या अधूनमधून कुठे ना कुठे निघतात आणि त्यांत बोटांच्या वेगाला भरभरून गुण मिळतात. मला ते पटत नाही. माझी कसोटी अशी: गाणं संपलं, गिटार हातात नाही, तरी सोलो तोंडाने म्हणता आला पाहिजे. 'टँव टँव' केलं तरी चालेल.

या हिशेबाने पहिला नंबर ईगल्स या बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा. १९७६चा अल्बम. त्यांचे गिटारवाले डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आलटून पालटून वाजवतात आणि मग दोघं मिळून ती जोडीने उतरणारी नक्षी विणतात. शेवटची दोन मिनिटं गायक तोंड उघडत नाही. कॉलेजच्या सहलीत गाण्याचे शब्द अर्ध्या बसला येत नसतात, पण हा भाग अख्खी बस म्हणते.

तो असा का झाला, हे फेल्डरनेच सांगितलंय. मालिबूच्या घरी त्याने चालीचा डेमो केला होता, लीडसकट, म्हणजे सोलोच्या गिटारसकट. पुढे मायामीत रेकॉर्डिंगला बसल्यावर तो आणि वॉल्श नवंच काहीतरी वाजवायला लागले. बँडचा गायक डॉन हेन्लीने थांबवलं. हे नको, डेमोत आहे तेच पाहिजे. कॅसेट मालिबूत राहिलेली! मग घरी फोन लावून कामवाल्या बाईंना ती कॅसेट लावायला सांगितली, फोनवरून ऐकली आणि फेल्डर स्वतःचंच वाजवणं पुन्हा शिकला. हेन्लीचं एकशे एक टक्के बरोबर होतं असं माझं मत.

दुसरा, क्वीन या बँडचा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' (१९७५). त्यांच्या ब्रायन मेने गायकाच्या चालीची नक्कल न करता स्वतंत्र छोटी चाल बांधली. गिटारही घरी वडिलांबरोबर बनवलेली, तिच्या मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं, आणि वाजवायला प्लेक्ट्रमऐवजी सिक्सपेन्सचं नाणं. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता हे सगळ्यांना माहीत आहे, पण मराठी माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

तिसरा, पिंक फ्लॉइड या बँडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'चा दुसरा सोलो.

'इरप्शन' यादीत नाही. १ मिनिट ४२ सेकंदांत एडी व्हॅन हेलनने १९७८ साली जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली हे कबूल. पण म्हणून दाखवा बघू.

ओम ड्रॉप डी

लेलेदादा, सपशेल अमान्य. तुम्ही जे सांगताय ते पाठांतर आहे. फोनवरून ऐकून बसवलेली गोष्ट सोलो कशी? चाल म्हणा, तुकडा म्हणा. सोलोत पुढच्या क्षणी हा माणूस कुठे जाणार हे त्यालाही माहीत नसायला हवं.

माझा पहिला नंबर लेड झेपेलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन', १९७१. त्यांच्या जिमी पेजने स्टुडिओत काही वेळा सुचेल तसं वाजवलं आणि त्यातलं एक ठेवलं. पोस्टरवर तो दोन मानांची गिब्सन गिटार घेऊन दिसतो म्हणून लोकांना वाटतं रेकॉर्डवरही तीच आहे. रेकॉर्डवर आहे ती गिटारवादक जेफ बेकने दिलेली जुनी टेलिकास्टर गिटार. आणि १९७३चं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं रेकॉर्डिंग काढा. तोच माणूस, तेच गाणं, सोलो मात्र वेगळा. ईगल्सच्या कार्यक्रमाला जा, चाळीस वर्षांनंतरही तेच सूर त्याच क्रमाने. मग घरी बसून रेकॉर्डच ऐकलेली काय वाईट?

आपल्याकडे ख्यालात गवई ताना पाठ करून येतो का? रॉकवाल्याने पाठ केलं तर मात्र आपण टाळ्या वाजवायच्या.

जाता जाता, हाच पेज १९७२ साली बँडचा गायक रॉबर्ट प्लांटसोबत मुंबईत आला होता. इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या एका क्लबात वाजवूनही गेला. पाचगणीच्या बदल्यात कुलाबा.

पेटीवाले नाना

ओमराव, ख्यालाचं नाव घेतलंत म्हणून मधे पडतो. माझा रॉकशी संबंध चिरंजीवांमुळे, त्यांच्या खोलीचं दार बंद होत नाही.

गवई ताना पाठ करून येत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? पुष्कळांच्या ताना घोटून घोटून ठरलेल्या असतात. नाट्यपदात तर श्रोता ठरलेल्या जागेची वाट बघत बसलेला असतो आणि ती आली नाही तर चुळबुळतो. तेव्हा हा दाखला तुमच्या कामाचा नाही.

लेल्यांच्या गाण्याचं मात्र मी पेटीवर बघितलं. हे लोक बी मायनर म्हणतात, म्हणजे बी हा षड्ज धरू. गंधार कोमल. एकामागोमाग आठ कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजणारे सूर): बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. आता गंमत बघा. एफ शार्पमध्ये शुद्ध निषाद आहे, पुढच्याच ए कॉर्डमध्ये कोमल निषाद. ई मेजरमध्ये शुद्ध धैवत, लगेच जी मध्ये कोमल धैवत. दोन्ही निषाद, दोन्ही धैवत, आणि तेही दर दोन-तीन सेकंदांनी जमीन सरकताना. अशा ठिकाणी डोळे मिटून सुचेल ते वाजवणारा हमखास आपटतो. शेवटच्या त्या जोडीच्या नक्षीत प्रत्येक कॉर्डचेच सूर एकेक करून घेतलेत, म्हणून ती इतकी घट्ट बसते. ते आधी ठरवावंच लागतं.

पेजच्या सोलोखाली काय आहे? ए मायनर, जी, एफ. तिन्ही एकाच कुटुंबातले. आपल्या धानी रागाचे पाच सूर हाताशी घ्यायचे आणि सुटायचं. वाजवलंय झकास, पण मोकळ्या मैदानात धावणं वेगळं.

ओम ड्रॉप डी

नाना, मैदान मोकळं होतं म्हणून काय झालं, धावला कसा ते बघा ना. त्या पाच सुरांच्या बाहेरचा एफ तो नेमका एफ कॉर्डवर दाबतो. पहिल्याच वाक्यात. हे सुचणं आहे, नकाशा नाही.

मीरा पेडलबोर्ड

तुम्ही दोघंही सोलो एक तर ठरलेला नाही तर सुचलेला असं धरून भांडताय. 'कम्फर्टेबली नम्ब' (१९७९) त्यात बसवून दाखवा. पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोरने मुलाखतीत सांगितलंय: पाच-सहा वेळा सुचेल तसा सोलो वाजवायचा, सगळे ठेवायचे, मग कागदावर खुणा करत कुठल्या खेपेतला कुठला तुकडा चांगला ते ठरवायचं आणि तुकडे जोडून एक सोलो करायचा. म्हणजे प्रत्येक तुकडा ओमचा आणि जोडणी लेल्यांची. आपण ज्याला काळजातून आलेला सूर म्हणतो, तो मिक्सिंगच्या टेबलावर निवडलेला आहे. मला त्याने काही कमी वाटत नाही. उलट आपलं कुठलं वाजवणं फेकायचं हे कळणं फार कमी गिटारवाल्यांना जमतं.

आणि फेब्रुवारी २००७ला मुंबईत बीकेसीच्या मैदानात पिंक फ्लॉइडमधला रॉजर वॉटर्स आला होता, आठवतंय का कुणाला? गिलमोर नव्हताच. शेवटी 'नम्ब' आलं, लीड दुसऱ्याने वाजवलं, बरंचसं रेकॉर्डसारखं. ओमच्या म्हणण्यानुसार आम्ही सगळ्यांनी उठून जायला हवं होतं. कुणी हललं नाही. पण १९९४चं लंडनच्या अर्ल्स कोर्टमधलं गिलमोरचं वाजवणं ऐकलं की तिथे तो रेकॉर्डच्या बाहेर किती लांब जातो तेही कळतं. सुरुवात ओळखीची, मग सुटतो. मला हे असं आवडतं.

तिची ती काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९च्या लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली. पैसे हवामानासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला.

ओम ड्रॉप डी

'तिची' कुणाची? गिलमोरची ना. 🙂

मीरा पेडलबोर्ड

गिलमोरचीच. मोबाइलवर लिहितेय. मुद्द्याचं बोल.

ग्रंज गौरी

लेलेकाका, तुमची कसोटी धरून चालले तर पहिला नंबर निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनचा. १९९१, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. सोलोत त्याने कडव्याची चालच जवळपास जशीच्या तशी वाजवली आहे. याहून गुणगुणायला सोपं काय असणार? गिटार हातात धरून महिना झालेल्या पोरालाही येतो. मग घाला ना यादीत. नाही घालणार, कारण खरी कसोटी 'गुणगुणता येणं' नसून 'सत्तरच्या दशकातलं असणं' आहे.

आणि नील यंगचा 'सिनॅमन गर्ल' (१९६९) विसरू नका. एकाच सुराचा सोलो. तोच सूर पुन्हा पुन्हा. ऐकताना कंटाळा येत नाही, कारण खाली बँड हलत असतो आणि हा हट्टाने जागचा हलत नाही. वेगाच्या याद्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

लेसपॉल लेले

गौरी, गुणगुणता येणं ही पहिली अट आहे, शेवटची म्हणालो नव्हतो. चाल परत वाजवली की गाण्यात भर काय पडली? मेने हेच टाळलं म्हणून तर तो यादीत आहे. कोबेनला सोलोची टिंगलच करायची होती असं मला नेहमी वाटतं, आणि ती जमलीय. पण टिंगलीला पदक नाही.

सत्तरच्या दशकाबद्दल गुन्हा कबूल नाही. गन्स अँड रोझेस बँडच्या स्लॅशचा 'नोव्हेंबर रेन' १९९१चाच, आणि तो माझ्या पहिल्या पाचात आहे. चर्चबाहेर धुळीत उभं राहून न जोडलेली गिटार वाजवणाऱ्या माणसाला सगळं माफ.

ओम, तुझा पेजसुद्धा मला म्हणता येतो, अख्खा. म्हणजे तोही माझ्याच कसोटीला उतरला!

ओम ड्रॉप डी

म्हणता येतो कारण तुम्ही तो हजार वेळा ऐकलाय. हजार वेळा ऐकलं की कुकरच्या शिट्ट्याही म्हणता येतात. तुम्हाला रेकॉर्डची सवय झालीय, सोलोचा गुण वेगळा.

एडी हेझलचा 'मॅगट ब्रेन' ऐका, १९७१, फंकाडेलिक बँड. बँडप्रमुख जॉर्ज क्लिंटनने त्याला सांगितलं, आई गेल्याची बातमी आत्ता कळलीय असं समजून वाजव. दहा मिनिटं. नंतर मिक्सिंगमध्ये क्लिंटनने बाकीच्यांचा आवाज जवळजवळ पुसून टाकला, उरली गिटार. हे गुणगुणून दाखवा आणि मग मला सांगा की गुणगुणता येत नाही म्हणून हा सोलो नाही.

शांताबाईंचा नातू

+१ मॅगट ब्रेन. रात्री हेडफोन लावून.

रेवती रत्नागिरी

धागा वाचला. एवढ्या नावांत एकही बाई नाही, एवढंच नोंदवते आणि एक नाव देते: सिस्टर रोझेटा थार्प. १९६४, मँचेस्टरजवळचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, टीव्हीसाठी कार्यक्रम. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर ती. नुकताच पाऊस पडलेला. अंगात लांब कोट, गळ्यात पांढरी गिब्सन, आणि सुरुवातीचं गाणंही पावसाचंच. मध्येच गाणं सोडून ती गिटारवर येते आणि काही ओळी अशा ठोकते की वरची अर्धी यादी तिथून निघालेली दिसते. चर्चची गाणी गाणारी बाई, म्हणून तुमच्या 'रॉक'मध्ये तिचं नाव आधी कुणी घेत नाही. रॉकच्या हॉल ऑफ फेमलासुद्धा तिला घ्यायला २०१८ उजाडलं.

ठरवलेलं की सुचलेलं हा प्रश्न तिथे पडत नाही. एक-दोन ओळी, की परत गाणं.

पेटीवाले नाना

रेवतीताई, आत्ता बघितलं. दोनदा. चिरंजीवांनाही दाखवलं, ते गप्प बसले, हे आमच्याकडे क्वचित घडतं.

लेसपॉल लेले

बघितलं. थक्क झालो, पण तो सोलो नव्हे, गाण्यातलं उत्तर आहे. गाते, गिटारने उत्तर देते. वेगळा प्रकार.

रेवती रत्नागिरी

अपेक्षेप्रमाणे.

ओम ड्रॉप डी

लेलेदादा, आता व्याख्या अशीच आवळत गेलात तर यादीत फक्त हॉटेल उरेल.

नाना, तुमचं ऐकून कॉर्डचं बॅकिंग लावलं आणि त्या आठ कॉर्डवर बी मायनरचे पाचच सूर घेऊन वाजवलं. एफ शार्पवर ए लागला की टोचतो, हे खरं. पण तिथेच थांबून तो ए जरा वर खेचला, अर्ध्या वाटेवर सोडला, तर मस्त कळ येते. एफ शार्प कॉर्डचा शुद्ध सूर खाली आणि त्याच्यावर हा उतरलेला. 'पर्पल हेझ'मध्ये (१९६७) जिमी हेंड्रिक्स ज्या कॉर्डवर उभा आहे त्यात हेच आहे, जी शार्प आणि जी एकाच वेळी. म्हणजे तुम्ही ज्याला आपटणं म्हणता त्यावर एक अख्खं घराणं उभं आहे.

पेटीवाले नाना

मान्य, पण मग तो हेंड्रिक्सचा सोलो झाला, त्या गाण्याचा नाही. तुमची ती कळ पहिल्या एफ शार्पला शोभेल. शेवटच्या एफ शार्पला पुन्हा षड्जावर यायचंय, तिथे शुद्ध निषादच हवा, नाहीतर घरी आल्यासारखं वाटणार नाही. दोन्ही वाजवून रेकॉर्डिंग टाका, मग बोलू.

ओम ड्रॉप डी

टाकतो. पण एकाच टेकमध्ये, जोडकाम न करता. मीराताई, तुम्ही ऐकून सांगा कुठला तुकडा फेकायचा.