सायट्रिक आम्लाने कागदाचे क्रॉसलिंकिंग : ओला कागद मजबूत का होत नाही?

प्रश्न :
क्रॉसलिंकिंग (कागदाच्या रेणुसाखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडणे) करण्यासाठी गाळणकागदाच्या पट्ट्या सायट्रिक आम्लाच्या ५ टक्के द्रावणात भिजवून मी त्या १०० °से. तापमानाला अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवल्या. तरीही पाण्यात टाकल्यावर त्या साध्या कागदाइतक्याच सहज फाटतात. १९० °से.ला तापवल्यास त्या पिवळ्या पडतात आणि दुमडताच मोडतात. चूक कोठे होत असावी?

उत्तर १ :
१०० °से.ला आपण बहुधा केवळ पाणी उडवले आहे. सायट्रिक आम्लाच्या रेणूत तीन कार्बोक्झिल (−COOH, आम्लधर्मी) गट असतात. उष्णतेने त्यांपैकी दोन गट पाण्याचा रेणू गमावून अनहायड्राइड हे अधिक क्रियाशील रूप बनवतात आणि ते सेल्युलोजच्या (कागदातील लांब साखळीसारख्या रेणूंच्या) हायड्रॉक्सिल (−OH) गटाशी एस्टर बंध जोडते. मात्र एवढ्याने आम्ल एकाच साखळीला लटकते. उरलेल्या दोन गटांचे पुन्हा अनहायड्राइड होऊन त्याने दुसरी साखळी पकडली, तरच क्रॉसलिंकिंग घडते, आणि अडते ते बहुतेक याच पायरीवर. आधी पट्ट्या ८० °से.ला वाळवाव्यात, मग १६० ते १७० °से.ला काही मिनिटेच तापवाव्यात. सोडियम हायपोफॉस्फाइट हा यातील नावाजलेला उत्प्रेरक आहे. पण तो जास्त तापल्यास विषारी फॉस्फिन वायू सुटतो, म्हणून काम धूरकपाटातच करावे.

उत्तर २ :
१६० °से. ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज या सेल्युलोजच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचे हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे जेल) ८० °से.लाही जुळते, फक्त त्याला कित्येक तास द्यावे लागतात. पिवळेपणाचे मुख्य कारण म्हणजे सायट्रिक आम्लातून पाणी जाऊन बनणारी अ‍ॅकोनिटिक आम्लासारखी असंतृप्त (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेली) आम्ले, तर ठिसूळपणामागे तापलेल्या आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तोडणे आणि आडव्या बंधांनी त्यांची हालचाल रोखणे ही दोन्ही कारणे असतात. पट्ट्या धुतल्या होत्या का? मोकळे आम्ल राहिल्यास अवरक्त वर्णपटात (कोणते बंध आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात) एस्टरची १७३० सेंमी⁻¹ जवळची शोषणरेषा ओळखता येत नाही, कारण मोकळ्या कार्बोक्झिलची रेषाही तिथेच जवळ येते.

प्रश्नकर्ता :
धुतल्या नव्हत्या. वाढलेले वजन हाच मी क्रॉसलिंकिंगचा पुरावा मानत होतो. धुण्यासाठी सोडा चालेल का?

उत्तर २ :
आधी साध्या पाण्याने धुवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात थोडाच वेळ ठेवल्यास मोकळ्या कार्बोक्झिलची शोषणरेषा १६०० सेंमी⁻¹ च्या खाली सरकते आणि एस्टरची जागेवर राहते; तीव्र अल्कलीने मात्र एस्टर बंधच तुटतात. धुतल्यावर टिकलेले वजनही आम्ल चिकटल्याचेच सांगते, दोन साखळ्या जोडल्या गेल्याचे नव्हे. त्यासाठी ओल्या पट्टीची ताणचाचणीच घ्यावी लागेल.