बारची पारख ग्लासात

खाण्यापिण्याची जागा ऑनलाइन रेटिंग बघून निवडावी की फिरता फिरता शोधावी, यात मी ठामपणे फिरण्याच्या बाजूचा. मेन्यू एका पानाचा आणि गर्दी भरपूर असेल तर बिनधास्त शिरावं. कारण तिथला माल रोजच्या रोज संपतो. बारची पारख मात्र ग्लासात होते. ड्राफ्ट बिअर, म्हणजे पिंपातून नळाने ग्लासात येणारी, मागवा. ग्लास नीट धुतलेला असेल तर घोटागणिक फेसाची एकेक कडी काचेला चिकटून राहते. तेलकट असेल तर फेस लगेच बसतो. साध्या लागरला, म्हणजे नेहमीच्या सौम्य बिअरला, आंबूस वास आला, तर बहुधा बिअर आणणाऱ्या नळ्या वेळेवर साफ होत नाहीत. आणि व्हर्मुथची, म्हणजे कॉकटेलमध्ये घालतात त्या मसालेदार वाइनची, उघडी बाटली फ्रिजमध्ये ठेवणारा बारटेंडर दिसला, तर तिथलं कॉकटेल डोळे मिटून मागवावं. ती शेवटी वाइनच, बाहेर राहिली की चव उतरते.