हॅलोविनसाठी बोटांची गाणी आणि हातांचे खेळ सुचवा (वय २ ते ५)

पानगळ
नमस्कार. मी न्यू जर्सीत एका डे-केअरमध्ये आहे. माझ्या वर्गात दोन ते तीन वर्षांची नऊ मुलं आहेत, त्यांतली तीन मराठी घरांतली. ३१ ऑक्टोबर जवळ आला की सर्कल टाइमला (मुलं गालिच्यावर गोलात बसतात तेव्हा) काय घ्यायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. गेल्या वर्षी मी स्क्रीनवर एक गाणं लावलं. त्यात चेटकीण मोठ्यांदा हसते. एक मुलगा इतका घाबरला की पुढचे तीन दिवस गालिच्यावर येऊन बसेना. चूक माझी होती आणि ती अजून मनाला लागून आहे.

यंदा स्क्रीन अजिबात नको. फक्त हात, बोटं आणि आवाज. शक्य असेल तर मराठीतलंही सांगा, कारण रविवारच्या मराठी शाळेतही मी लहान गटाला शिकवते. एका घरी हॅलोविन पाळत नाहीत, तेही लक्षात घ्यायचं आहे.

उंबरठा
ताई, मी पुण्यात बावीस वर्षं बालवाडी चालवली. सध्या लेकीकडे कॅलिफोर्नियात आहे. गाण्याआधी बोटांविषयी सांगते, कारण तिथेच बरेचदा गडबड होते.

'पाच भोपळे, एक पडला, चार उरले' छापाची गाणी सगळीकडे सुचवतात. पण दोन वर्षांच्या मुलाला तर्जनी सोडून बाकीचं एकेक बोट सुटं उचलणं किंवा मिटणं सहसा जमत नाही. करंगळीशेजारचं बोट तर मोठ्यांनाही एकट्याने नीट उचलता येत नाही, त्याचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात. मुलं धडपडतात, तोवर गाणं पुढे निघून जातं आणि ती हात खाली टाकतात. तुमच्या वयाला पूर्ण मूठ, पूर्ण तळवा, टाळी, हात एकमेकांभोवती फिरवणं, एवढंच घ्या. मोजणी घ्यायचीच असेल तर उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट धरून मिटायचं, ते जमतं.

हे मी नातवासाठी केलं:

मुठीचा केला भोपळा,
भोपळा होता झोपला.
टकटक टकटक, कोण रे दारी?
उघडली मूठ, उठली स्वारी!

पहिल्या ओळीला मूठ वळायची, दुसरीला गालाखाली ठेवायची, तिसरीला दुसऱ्या हाताच्या बोटाने मुठीवर टकटक करायची आणि चौथीला पाचही बोटं ताठ उघडायची. 'टकटक'नंतर लगेच पुढे जाऊ नका. नऊही चेहरे तुमच्याकडे लागेपर्यंत थांबा. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे.

सोनचाफा
उंबरठाताईंशी सहमत. मी स्पीच थेरपिस्ट आहे. या वयाची मुलं शब्दांच्या आधी हातांनी गाण्यात शिरतात, त्यामुळे कुणी नुसते हातवारे केले आणि तोंड उघडलं नाही तरी तो सहभागच आहे. 'म्हण ना' असा आग्रह नको. ओळीतला शेवटचा शब्द तुम्ही गाळून वाट पाहा, काही दिवसांनी तो समोरून येतो.

दहा गाणी गोळा करू नका. तीन घ्या आणि दोन आठवडे रोज तीच म्हणा. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही.

कोळ्याचा खेळ जरूर घ्या. अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून जोडत वर चढायचं हे लहानांना जड जातं. त्याऐवजी एका हाताची बोटं दुसऱ्या हातावरून चालवायची:

कोळी आला मनगटावर,
कोळी आला कोपरावर,
कोळी चढला खांद्यावर,
फू केली नि… जमिनीवर!

प्रत्येकाने आपल्याच हातावर करायचं. दुसऱ्याच्या हातावर कोळी न्यायचा तर आधी विचारायचं, 'येऊ का?' नाही म्हटलं तर कोळी परत. तुमच्या त्या घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत मला हेच महत्त्वाचं वाटतं. स्क्रीनवरची चेटकीण त्याला थांबवता आली नाही, स्वतःच्या बोटांचा कोळी तो हवा तेव्हा थांबवू शकतो.

झुंजूमुंजू
मला थोडं वेगळं वाटतं. भीती पूर्ण काढू नका. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला 'भॉक' हवंच असतं, नसेल तर ती स्वतः करते. फक्त ते कधी होणार हे तिला आधीपासून माहीत असावं लागतं. मुखवटे मात्र टाळा. ओळखीचं माणूस मुखवट्याआड गेलं की या वयात ते तेच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. हातरुमालाआड तळवा लपवून 'भॉक' केलं तर तेवढी गंमत पुरते.

अंगठे एकमेकांत अडकवून दोन्ही तळवे हलवले की वटवाघूळ होतं. अंगठा-तर्जनीची वर्तुळं डोळ्यांवर धरली की घुबड. आमच्या आजेसासूबाईंना घुबड अशुभ म्हणून खटकलं होतं. इथल्या वर्गात ते पानगळीतलं गोड पाखरू आहे, पण मराठी शाळेत घेताना घरच्यांना आधी सांगितलेलं बरं.

जे घर हॅलोविन पाळत नाही त्यांच्यासाठी भोपळा, कोळी, घुबड, गळणारी पानं असा 'पानगळ' विषय ठेवा. भुताखेतांचं काहीच उरत नाही. आमच्या मुलीच्या शाळेतही असंच करतात, आणि कुणा एका मुलाला बाजूला बसवावं लागत नाही.

डब्लिनकर
हॅलोविनचं मूळ आमच्याकडचं, आयर्लंडमधल्या सॉवेन या जुन्या सणातलं. भोपळे कोरणं अमेरिकेत सुरू झालं, इथे पूर्वी सलगम कोरत असत. या दिवसांत बार्मब्रॅक नावाचा बेदाण्यांचा गोड पाव मिळतो आणि त्यात अंगठी लपवलेली असते. त्यावरून चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी खेळ: सगळे गोलात हात जोडून बसतात, बाई आपल्या जोडलेल्या हातांत अंगठी धरून प्रत्येकाच्या हातांमधून फिरवतात आणि गुपचूप एकाकडे सोडतात. मग ओळखायचं. तोंडात घालायच्या वयाच्या मुलांबरोबर हा खेळ नको.

उंबरठा
बरोबर. बोटांवर चिकटवायचे डोळे, लोकरीचे छोटे गोंडेही तीन वर्षांखालच्यांना नकोत. अमेरिकेत यासाठी सव्वा इंच (सुमारे ३२ मिलिमीटर) रुंदीच्या नळकांड्याची चाचणी आहे. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लहानांच्या खेळण्यात चालत नाही. धुऊन जाणाऱ्या मार्करने बोटाच्या पेरावर दोन ठिपके आणि एक हसू काढा, खाऊच्या आधी हात धुवा.

आणि मराठी शाळेसाठी एक गोष्ट विसरलेच. लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट! अंगठा आत घालून मूठ मिटली की भोपळ्यात म्हातारी बसली. हात एकमेकांभोवती फिरवले की भोपळा निघाला. दुसऱ्या हाताचा पंजा म्हणजे वाघ. वाघाने विचारलं की मूठ थांबते, मग पुन्हा गडगडत सुटते. लेकीचं घर आलं की अंगठा बाहेर. इथल्या मुलांना भोपळा ऑक्टोबरात दारोदार दिसतो, मग आपली म्हातारी त्यांना परकी वाटत नाही. माझा नातू आता प्रत्येक अंगणातल्या भोपळ्याजवळ वाकून आत कोण आहे ते विचारतो.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. अंगठ्याची म्हातारी वाचून डोळे भरून आले, माझी आजी ही गोष्ट पोळ्या लाटताना सांगायची. सोमवारपासून मुठीचा भोपळा, कोळी आणि वटवाघूळ, एवढंच घेते. म्हातारी रविवारी.

एक विचारायचं राहिलं. तो मुलगा यंदाही माझ्याच वर्गात आहे. अजून गालिच्याच्या कडेलाच बसतो. त्याला जवळ बोलवू की राहू देऊ?

सोनचाफा
राहू द्या. तुम्हीच थोडं त्याच्या बाजूला सरकून बसा आणि कोळ्याच्या शेवटी 'फू' करायचं काम त्याला द्या. त्याने फुंकर मारल्याशिवाय कुणाचाही कोळी खाली पडायचा नाही.